गिरणीच्या आवाजात

“वन्सं, जरा मोठ्यानं बोला की! एवढ्या हळू बोलल्यावर त्या बाईला कसं ऐकू येणार?”

कावेरीवहिनी स्वयंपाकघरातून ओरडली आणि स्वतःच हसली. मी आतल्या खोलीत डोक्यावरून गोधडी ओढून, फोन ओठांशी धरून बसले होते. चैत्रातली दुपार होती. घामानं मान चिकचिकत होती आणि फोनमधली बाई मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, “माफ करा, मला समजलं नाही.”

गोधडी बाजूला सारून मी म्हणाले, “काय न्हाई वहिनी, हवामान विचारत होते.”

“गोधडीत शिरून? मग काय म्हणाली ती, थंडी पडणार हाय का?”

आईसुद्धा हसली. मीही हसले, कारण मी हसले नसते तर वहिनीनं पुढचा प्रश्न विचारला असता. मी त्या बाईला सांगत होते ते एवढंच, की अरविंदला संदेश पाठव. आणि अरविंद कोण, हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

मला दिसत नाही. लहानपणी गोवर आला, तो जाताना डोळे घेऊन गेला. विट्याला आमची पिठाची गिरणी, गिरणीच्या मागं दोन खोल्या, त्या खोल्यांत आई-आप्पा, मल्लूदादा, वहिनी आणि मी. सव्विसाव्या वर्षी दादानं मला मिरजेच्या एका संस्थेत शिकायला पाठवलं तोवर माझं जग तेवढंच होतं. तिथं मला फोन हाताळायला शिकवलं. फोनमधली बाई वेळ सांगते, आलेला संदेश वाचून दाखवते, आपण बोललेलं लिहून घेते आणि म्हणू त्याला पाठवते. घरी आल्यावर मी तिच्याकडून भाजीचे भाव काय, पंचांग काय, सगळं वदवून घेतलं, तेव्हा आईनं माझी दृष्ट काढली. फोनचीही काढली.

पण एक गोष्ट संस्थेत कुणी सांगितली नव्हती. डोळस माणूस अंगठ्यानं जे गुपचूप करतो, ते आम्हाला तोंडानं करावं लागतं. कुणाला काय लिहिलं, कसलं औषध विचारलं, कुठलं गाणं ऐकावंसं वाटलं, ते आधी सगळ्या घराला ऐकवायचं आणि मग त्या बाईला. एकदा मी पाळीच्या पोटदुखीवर उपाय विचारला, तर तिनं उत्तर द्यायच्या आत आई ओव्याचं पाणी घेऊन आली. बोटानं लिहिता येतं, नाही असं नाही. पण एकेक अक्षर चाचपायचं, ते बाईनं कानात म्हणायचं, मग पुढचं. ‘जेवलास का’ एवढं लिहीपर्यंत समोरच्याचं जेवण पचून जायचं. मला अरविंदला जे सांगायचं होतं ते तसं मावणारं नव्हतं.

त्यातून आमचं घर गिरणीवाल्यांचं. आमच्याकडं कुणाला हळू बोलताच येत नाही. जन्मल्यापासून गिरणीच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळं गिरणी बंद असली तरी आम्ही एकमेकांना मीठ मागतो ते गल्लीला कळतं. मी कुजबुजायला लागले की घशातून नुसती हवा निघायची. त्या बाईला ती कळायची नाही, आणि आवाज लावला की वहिनीला कळायचं.

अरविंद गुरव मला मिरजेला भेटला होता. त्याला थोडं दिसतं, उजेड-अंधार आणि माणसाचा आकार. कोल्हापूरला एका बँकेत टेलिफोनवर बसतो. संस्थेत तो नव्या मुलांना शिकवायला यायचा. मला जिना उतरायला शिकवताना त्यानं माझा हात धरला, आणि जिना संपला तरी सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही. एवढीच आमची कहाणी होती. बाकी सगळं फोनवर. कामावर असताना त्याला फोन घेता यायचा नाही आणि तो घरी गेला की आमच्या घरात सगळे जमलेले. मग राहिले संदेश. त्याचे मी कानात फोनची बोंडं घालून ऐकायची. उत्तर कुठं बसून द्यायचं, हाच प्रश्न होता.

उत्तर मला गिरणीत सापडलं.

दुपारी जेवणानंतर गिरणीत गिऱ्हाईक नसतं. सकाळी लोक दळणाचे डबे ठेवून जातात, आप्पा ते दुपारी एकेक करून दळतात. मोटर सुरू झाली की दोन दगडांची घरघर, पट्ट्याची फटफट, अख्खी इमारत थरथरते. भिंतीपलीकडं आईला आपण बोललेलं ऐकू येत नाही. आणि गिरणीत फक्त आप्पा. आप्पा ठार बहिरे. चाळीस वर्षं त्या आवाजात काढून कान गेले होते. घरात त्यांना हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागे. वहिनी तर त्यांच्यासमोरच त्यांच्या खाण्यापिण्याबद्दल आईकडं तक्रार करायची, आणि आप्पा शांतपणे भाकरी मोडत बसायचे.

संस्थेनं मला एक कानावर बसणारं यंत्र दिलं होतं. त्याची एक दांडी तोंडासमोर येते आणि तोंडाजवळचं तेवढंच पकडते, बाकीचा गोंगाट सोडून देते. मी ते घालून गिरणीत गेले. आप्पांच्या दंडाला हात लावला आणि ओरडले, “आप्पा, मी इथं बसू का?”

त्यांनी मला भिंतीकडं नेलं. पोत्याची घडी करून स्टुलावर टाकली.

“बस. पट्ट्याकडं मातुर हात न्यायचा न्हाई.”

मी बसले. दांडी ओठांशी घेतली आणि माझ्या नेहमीच्या, गिरणीवाल्याच्या आवाजात म्हणाले, “अरविंदला संदेश पाठव.” बाईनं विचारलं, काय लिहू? माझे डोळेच भरून आले. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मला शहाण्या माणसासारखं विचारत होती. आवाज टेप करून पाठवला असता तर त्यात अरविंदला नुसती गिरणी ऐकू आली असती. पण बाई गिरणी गाळून माझे शब्द तेवढे लिहायची, ‘पाठवू का?’ विचारायची, मी ‘पाठव’ म्हटलं की तिकडं कोल्हापुरात त्याच्या फोनमधली बाई ते त्याला वाचून दाखवायची. आमचं प्रेम असं दोन बायांच्या तोंडून चाललं होतं.

मग रोजच. दुपारची भांडी झाली की मी म्हणायची, “आप्पांपाशी बसते जरा.” आईला बरं वाटायचं. लेक बापाला सोबत करते म्हणून ती शेजारणींनाही सांगायची.

आणि मी तिथं काय काय बोलले! आधी जपून बोलायची. मग सवय झाली. आप्पा चारपाच हातांवर उभे असायचे, पीठ हातावर घेऊन बघत; खाकरले की आवाज पाठमोरा यायचा. मी बोलत सुटायची. वहिनी कशी चिडवते. दादा चांगला आहे पण मला बाहुलीसारखं उचलून ठेवतो. मला आरशात बघता येत नाही, तर मी कशी दिसते ते तू सांग. अरविंद गुरव, कोल्हापूरच्या बँकेत टेलिफोनवर बसून कंटाळतोस का, आईमागं मावशीनं तुला कसं वाढवलं? जिन्यावरचा हात. त्या हाताला कसला वास होता. रात्री झोपताना मी माझाच हात मानेखाली घेते आणि तुझा आहे असं समजते. ही वाक्यं आज लिहितानाही माझे कान तापतात. तेव्हा मी ती गिरणीच्या वर आवाज काढून, शब्द नीट तोडून, बाईला कळावं म्हणून दोन-दोनदा म्हणायची.

अरविंदनं एकदा विचारलं, तू इतकं मोकळं कुठं बसून बोलतेस? मी म्हणाले, “गिरणीत. आप्पा असतात, पण भिंत काय आणि आप्पा काय, सारखंच. त्यांच्यासमोर नाचलं तरी चालतं.”

तेही मी मोठ्यानं म्हणाले.

पावसाळा संपता संपता डबे कमी व्हायला लागले. लोकांनी घरी छोट्या चक्क्या घेतल्या, कुणी तयार पीठ आणायला लागले. दुपारचं दळण पटकन आटपायचं. तरी आप्पा मोटर बंद करायचे नाहीत. दाणे नसताना गिरणीचा आवाज बदलतो, घरघर जाऊन दगडावर दगड खरखरतो. मला तो कळायचा. पण आधीच्या दळणाचं पीठ झाडून निघावं म्हणून गिरणी थोडी रिकामी फिरवतातच. आप्पा म्हातारे झालेत, जास्त वेळ झाडत असतील, असं मला वाटलं. आणि माझं बोलणं अर्धं राहत नव्हतं, तेव्हा मी त्याचा फार विचार केला नाही.

दिवाळीच्या आधी अरविंदचा संदेश आला. ‘माझी मावशी तुमच्याकडं येऊन बोलायला तयार आहे. पण तू हो म्हणाल्याशिवाय मी तिला पाठवणार नाही. ती बोलली आणि तुझ्या घरचे चिडले, तर तू माझ्या बाजूला उभी राहशील का, ते मला कळू दे. रविवारपर्यंत सांग. नाहीतर मी समजून घेईन.’

मी तो सारखा ऐकत राहिले. हो म्हणायचं तर घरात सांगावं लागणार, आणि सांगितलं की दादा काय म्हणणार ते मला पाठ होतं. दोघं आंधळे, एकमेकांना कुठं नेणार? नाही म्हणायचं तर मग जन्मभर स्टुलावर बसून भाजीचे भाव विचारायचे. गिरणीत जाऊन मी दोनदा दांडी तोंडाशी घेतली आणि ‘मावशींना बोलायला पाठवायचं की नाही ते रविवारपर्यंत सांगते, माझ्या होकाराला थांब’ एवढंच पाठवून परत आले.

शनिवारी सकाळी हुसेन मिस्त्री आले. पीठ जाडं येतं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरत होती, म्हणून दादानं त्यांना दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं नव्या खाचा पाडायला, बोलावलं होतं. त्यांनी वरचा दगड उचलून बाजूला ठेवला, हात फिरवला आणि म्हणाले, “मल्लू, ही गिरनी कोन रिकामी चालवतंय?”

“का?”

“दगड जळालाय. टाकी दिवाळीला लावायची ती दसऱ्यालाच संपली. दाना नसताना, दगड आवळून, रोज तासभर तरी फिरवलीय कुणीतरी. ढिली ठेवून फिरवली असती तरी एवढं झालं नसतं.”

मी दारात उभी होते. वहिनी चहा घेऊन आली होती, आई तिच्या मागं. दळण घेऊन आलेल्या दोघी बायकाही थांबल्या होत्या. दादाचा पारा चढला. तो आप्पांच्या कानाशी जाऊन ओरडला, “आप्पा! रिकामी चालवता? कशापायी?”

आप्पा म्हणाले, “सवय.”

“सवय? ईजबिल बघितलंय? नवा दगड कोण आणणार?”

दादा आमच्याकडं वळला. “बघितलंस आई? मी म्हणत नव्हतो, डोकं चालंना झालंय यांचं? उद्यापासनं आप्पांनी गिरणीत यायचं न्हाई. मी माणूस ठेवतो. घरात बसू देत, लई झालं काम.”

“मल्लू, गिरणीतनं काढू नगंस त्यांला,” आई म्हणाली. तिचा आवाज असा लागलेला मी कधी ऐकला नव्हता. “घरात बसवलंस तर मरल त्यो माणूस.”

“कोण मरत न्हाई. सगळी म्हातारी बसत्यात घरात.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दगड आवळून का? ढिला ठेवला तर आवाज कमी येतो म्हणून. रोज दुपारी का? मी दुपारी येते म्हणून. आप्पांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. पोरगी तोंडाला दांडी लावून रोज कुणाशीतरी बोलते, हसते, रडते, आणि गिरणी थांबली की गप्प होते, एवढं त्यांना दिसलं असणार. मला वाटलं, तेवढंच.

मी गप्प बसले असते तर आप्पा गिरणीतून गेले असते.

“दादा, आप्पांना बोलू नगंस. ते माझ्यासाठी चालवत्यात.”

“तुझ्यासाठी?”

“मी फोनवर बोलते इथं बसून. रोज. घरात ऐकू जाऊ ने म्हणून.”

दळणवाल्या बायकांपैकी एकीनं डबा खाली ठेवला, तो आवाज मला मोठा वाटला.

“कुणाशी?” दादा म्हणाला.

नाव माझ्या जिभेवर होतं. त्या बाईला ते मी किती वेळा सांगितलं होतं. पण दादासमोर, वहिनीसमोर, परक्या बायकांसमोर ते बाहेर येईना. माझा चेहरा भाजत होता. मी ओढणीचं टोक हातात पिळत उभी राहिले.

“लिले, कुणाशी म्हणून विचारतोय मी!”

हुसेन मिस्त्री बिचारे अवघडले. मध्येच म्हणाले, “जरा चालवून बघतो हां,” आणि त्यांनी दगड बसवून कळ दाबली. मोटर उचलली, पट्टा फटफटला, गिरणीचा आवाज आमच्या सगळ्यांच्या अंगावर आला. मला हायसं वाटलं. आता दादा ओरडला तरी मी ऐकलं नाही असं दाखवता येणार होतं.

दादा आप्पांकडं पाठ करून वहिनीला म्हणाला, गिरणीत म्हणून मोठ्यानंच, “आता काय करायचं? कोणतरी फसवतोय हिला. आंधळ्या पोरीला दुसरं कोण धरणार?”

“फसवत न्हाई,” आप्पा म्हणाले.

ते दगडापाशी होते, आमच्यापासून लांब. दादा वळला असावा.

“अरविंद म्हणून हाय,” आप्पा म्हणाले. ते ओरडत नव्हते, सरळ बोलत होते, जसं डोळस माणूस वाचून दाखवतो तसं. “गुरव. कोल्हापूरला बँकेत टेलिफोनवर हाय. आई न्हाई त्याला, मावशीनं वाढवलाय. थोडं दिसतंय. पोरगा बरा हाय. मावशी यायला तयार हाय बोलायला, त्यो हिच्या होकाराला थांबलाय. उद्याच्या रविवारपातूर.”

मी तिथंच खाली बसले. स्टूल आहे की नाही तेही चाचपलं नाही.

“आप्पा, तुमाला ऐकू येतंय?” दादा म्हणाला. या वेळी ओरडला नाही.

उत्तर आईनं दिलं. “गिरणी चालू असली की येतंय. बंद झाली की न्हाई. आधीपासनंच हाय तसं.” आणि मग, “मी काय त्यांच्याशी घरात बोलते व्हय? सासू होती, नणंदा होत्या, दोन खोल्या. आमचं सगळं बोलणं हितंच झालंय. तुझं नाव काय ठेवायचं त्ये बी.”

पुढं कानाच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की असं असतं, काहींना गोंगाटातच नीट ऐकू येतं. पण त्या दिवशी मला डॉक्टर नको होता. मला जमीन दुभंगून आत जायचं होतं. उन्हाळ्यापासून आत्तापर्यंतचं एकेक वाक्य मी मनात काढून बघत होते आणि प्रत्येक वाक्याशेजारी आप्पा उभे होते. जिन्यावरच्या हातापाशी आप्पा. हाताच्या वासापाशी आप्पा. मानेखालच्या हातापाशी आप्पा. पीठ बघत, पाठ करून. त्यांनी पाठ का केली होती ते मला आता कळलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते भिंतीचं वाक्य. तेसुद्धा मी दोनदा म्हटलं होतं, बाईला कळावं म्हणून.

मिस्त्रींनी गिरणी बंद केली. आप्पा पुन्हा बहिरे झाले.

त्या दिवशी घरात कुणी मला काही विचारलं नाही. वहिनीनं चिडवलं नाही, हे चिडवण्यापेक्षा जड होतं. दादा बाहेर निघून गेला. संध्याकाळी, मिस्त्री टाकी लावून गेल्यावर, मी आप्पांजवळ बसले. माफी मागायची होती. पण शांत घरात त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती मागायची तर आख्ख्या गल्लीसमोर मागावी लागली असती. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला आणि विचारलं, “भाकरी खाल्लीस?” मी मान हलवली.

रविवार उजाडला. मी ठरवलं होतं की आता गिरणीत पाऊल टाकायचं नाही. अरविंदला काही कळवायचं नाही. तो म्हणाला होता, समजून घेईन, तर घेऊ दे. ज्या बापानं हे सगळं ऐकलं त्याच्यासमोर पुन्हा ते तोंड उघडायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं.

दुपारची जेवणं झाली. भांडी झाली. दादा ओट्यावर पेपर चाळत होता. मी आतल्या खोलीत कडेला बसले होते, फोन मांडीवर उपडा.

तेवढ्यात मोटर सुरू झाली.

मी कान दिला. रविवारी दुपारी गिरणी बंद असते. कुणाचे डबे नव्हते. घरघर नव्हती, दगडावर दगड खरखरत होता. नव्यानं टाकी लावलेला, आवळलेला.

त्या आवाजाचा अर्थ आता घरात प्रत्येकाला कळत होता. दादाचा पेपर सळसळायचा थांबला. मला वाटलं, आता हा उठणार आणि जाऊन कळ बंद करणार. तो उठला. चपला घातल्या, ओट्यावरून खाली उतरला, आणि गिरणीच्या उलट बाजूला, चौकाकडं चालत गेला.

“वन्सं,” वहिनी हळू म्हणाली, तिला जमेल तेवढं हळू. “दगड फुकट झिजतोय.”

मी उठले. आईच्या, वहिनीच्या समोरून, त्यांना माहीत असताना त्या दारातून जाणं, तेवढं लांब मी आयुष्यात कधी चालले नाही. स्टुलावर पोत्याची घडी टाकलेली होती. मी बसले. आप्पा कुठं उभे आहेत ते मला त्यांच्या खाकरण्यावरून कळलं. ते भिंतीकडं तोंड करून होते.

“आप्पा,” मी म्हणाले, “मी तुम्हाला भिंत म्हणाले.”

“म्हणालीस.”

“मला लाज वाटतेय.”

“मला बी वाटली,” आप्पा म्हणाले. “बापानं ऐकायचं असतंय व्हय असलं? पण चालू पट्ट्यापाशी तुला एकटीला सोडून जाऊ कुठं? आणि बंद केली असती तर तू बोलली नसतीस.” मग म्हणाले, “बोल आता. वाट बघतोय त्यो.”

मी दांडी ओठांशी ओढली. अरविंदला संदेश पाठव, म्हणाले. काय लिहू, बाईनं विचारलं. हे सगळं आप्पा ऐकतायत हे ठाऊक असताना मी बोलायला लागले. आधीची सगळी वाक्यं नकळत बोलले होते. हे एकच, ऐकणारा माहीत असताना.

“मावशींना पाठव. मी हो म्हणतेय. घरचे चिडले तरी मी तुझ्या बाजूला उभी राहीन. मला तुझ्यापाशी यायचं आहे.”

बाईनं तो संदेश मला कानात वाचून दाखवला. प्रत्येक शब्द बरोबर होता. मग तिनं विचारलं, “पाठवू का?”

एक शब्द म्हणायचा होता. बाई थांबली होती. तिचं बोलणं माझ्या एकटीच्या कानात होतं, बाहेर कुणाला ऐकू जायची सोय नव्हती. दगड खरखरत होता. तिनं पुन्हा विचारलं, “पाठवू का?” मला बोलता येईना.

भिंतीकडून आप्पांचा आवाज आला.

“हितं तू दर वेळी ‘पाठव’ म्हणतीस,” ते म्हणाले. “म्हण की, पोरी.”